आत्या, आज वार कोणता?

आपिया, बुधवार
(दोघांना विचारून खात्री केली आहे)

तीर्थस्वरूप लिनोदादा यांस,

धाकट्या पासेलियोचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? सिनावहिनींची रात्रपाळी सुटली का? मुलं घरात सामोअन बोलतात का, की आत्या म्हणते तसं फक्त जेवणापुरतं बोलतात? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं तर आम्ही ठीक आहोत की नाही एवढंच बघायला तू मला पाठवलं होतंस, आणि नेमकं तेच मला सांगता येत नाहीये. म्हणून पत्र लांबणार. कोको करून घे आणि मग बस.

तू फोनवर जे सांगितलंस ते मी पुन्हा लिहून काढतो, म्हणजे माझ्याकडून समजण्यात चूक झाली असेल तर इथेच सापडेल. बाबा गेल्यापासून फिलोआत्या गावच्या घरात एकटी असते. गेल्या महिन्यात स्वयंपाकाच्या खोपटात चूल पेटती राहिली आणि छपराची एक बाजू काळी पडली. तू ऑकलंडच्या वृद्धाश्रमात काम करतोस, असं कसं सुरू होतं आणि पुढे कुठे जातं हे तू रोज बघतोस. तिथे नव्या माणसाला तुम्ही तीन प्रश्न विचारता: आज वार कोणता, आपण कुठे आहोत, आणि हा समोर उभा आहे तो कोण. तेच प्रश्न मी आत्याला तीर्थयात्रेत सहज बोलता बोलता विचारावेत, आणि ती चुकली तर ईस्टर झाल्यावर तू तिला कायमची ऑकलंडला नेणार आणि घराला कुलूप लावणार. मी हो म्हणालो. मी भूगोल शिकवतो, तेव्हा वार आणि ठिकाण या प्रश्नांत आपण कमी पडणार नाही असं मला तेव्हा वाटलं होतं.

आता आत्या तरुणांच्या तीर्थयात्रेत शिरली कशी, हे आधी सांगतो, नाहीतर तुला वाटेल मीच तिला परीक्षेसाठी ओढत नेलं. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, पलीकडच्या सामोआत, पागो पागोच्या पुढे टेकडीवर जे चर्च आहे तिथे दोन्हीकडची कॅथलिक तरुण मंडळी जमणार, असं फादर कितिओने यांनी चर्चमधल्या मिस्सेच्या प्रार्थनेनंतर जाहीर केलं आणि नाव द्यायला आत्या पहिली उठली. तेलेसिया आपल्या युवा मंडळाची पुढारी आहे, बावीस वर्षांची. (माझ्या वर्गात होती. अजून मला सर म्हणते, त्यामुळे तिला माझ्यावर ओरडता येत नाही, आणि मग ती फार नम्रपणे ओरडते.) तिने विचारलं, "आत्याबाई, हे तरुणांसाठी आहे ना?" आत्या म्हणाली, "मग मी काय म्हणतेय? माझं लग्न झालंय का? तू आली होतीस जेवायला?" यावर तेलेसिया काय बोलणार? आपल्याकडे लग्न न झालेली बाई ही गावची मुलगी, आणि मुलगी म्हणजे तरुणच. आणि मीही त्याच नियमाने तरुण आहे. ना बायको, ना कुटुंबप्रमुखाचं मताईपद, म्हणून त्रेचाळिसाव्या वर्षी मी युवा मंडळात खालच्या सुरात गातो आणि खुर्च्या मांडतो. आत्याला हरकत घ्यायची तर आधी मी उठून जायला हवं होतं. मी उठलो नाही. (का नाही, यावर मी बराच विचार केला. तो इथे लिहीत नाही.)

शिवाय आत्याकडे दुसरा मुद्दाही तयार होता. तिचा वाढदिवस तीस डिसेंबरचा. सरकारने वाररेषेची आपली बाजू बदलली त्या वर्षी आपण गुरुवारी रात्री झोपलो आणि शनिवारी सकाळी उठलो. मधला शुक्रवार, तीस डिसेंबर, इथे आलाच नाही. पलीकडचं सामोआ जुन्याच बाजूला राहिलं, आपल्यापेक्षा एक दिवस मागे. (तू ऑकलंडला होतास, तुझ्याकडे तो व्यवस्थित आला.) तेव्हापासून आत्या स्वतःचं वय एक वर्ष कमी मोजते. जो वाढदिवस आला नाही तो मी धरू कशी, असं तिने फादरांना विचारलं. फादरांनी नाव लिहून घेतलं आणि तिला पिवळा शर्ट दिला. पाठीवर मोठ्या अक्षरांत 'ऊठ, तरुणा' असं छापलेलं. आत्याने तो आपल्या पायघोळ पुलेतासीवर चढवला आणि पुढचे सगळे दिवस काढला नाही. ती बसली की मागच्या रांगेतले लोक ते वाचून उठून उभे राहायचे.

बोट शनिवारी पहाटे सुटली. आदल्या दिवशी उपवासकाळातला शुक्रवार म्हणून मी मांस टाळून डब्यातली मासळी खाल्ली होती. डायरीत तशी नोंद आहे. शनिवारी मोकळीक, म्हणून आत्याने तापल्या दगडांवर भाजलेलं डुकराचं मांस आणि तारोचं कंदमूळ केळीच्या पानांत बांधून घेतलं होतं, आणि ते एकटीपुरतं नव्हतं. किनारा दिसेनासा झाला, पुड्या सुटल्या, आणि मला जे सुचायला नको होतं ते नेमकं तेव्हा सुचलं. पागो पागोला आम्ही ज्या दुपारी उतरणार होतो ती दुपार शुक्रवारची होती. म्हणजे या समुद्रात पुढे कुठेतरी शनिवार संपून पुन्हा शुक्रवार लागणार होता. नववीच्या मुलांना मी हे दर वर्षी संत्र्यावर रेघ ओढून शिकवतो आणि मुलांना ते समजतं. पण संत्र्यावर कुणी जेवायला बसलेलं नसतं.

हीच वेळ बरी म्हणून मी तुझा पहिला प्रश्न सहज विचारल्यासारखा विचारला. "आत्या, आज वार कोणता गं?" ती हाड चोखत होती. "चढतानाचा सांगू की उतरतानाचा?" म्हणाली. मी म्हटलं, आत्ताचा. "आत्ताचा तू सांग. मास्तर तू आहेस." हे ऐकून आजूबाजूच्या मुलांनी खाणं थांबवलं आणि माझ्याकडे बघायला सुरुवात केली. तेलेसिया येऊन म्हणाली, "सर, मुलं विचारतायत, घास गिळू की नको?" मी तिला जरा थांब म्हटलं आणि तांडेलाकडे गेलो. तो म्हणाला, बोटीवर आपियाचाच वार चालतो, धक्क्याला दोर बांधेपर्यंत. (म्हणजे उतरताना एक पाय शनिवारात आणि एक पाय शुक्रवारात असा क्षण येतोच, हे मी त्याच्या लक्षात आणून दिलं. त्याने मला सुकाणूपासून लांब उभं राहायला सांगितलं.) तिथून मी फादरांकडे गेलो. फादर कितिओने यांना बोट लागली होती. ते कठड्यावर ओणवे होते. म्हणाले, "पासेलियो, बाबा, जिथे आहेस तिथला नियम पाळावा." मी म्हटलं, फादर, आपण समुद्रात आहोत. "मग समुद्रासारखा वाग आणि मला एकटं सोड," असं काहीसं ते म्हणाले. अर्धं वाऱ्यात गेलं.

परत आलो तोवर आत्याने निकाल देऊन टाकला होता. सरकारने एकदा आपला अख्खा शुक्रवार गिळला, तेव्हा कुणी विचारायला आलं नाही. आज तो परत मिळतोय, तर तो सरकारनेच उपाशी राहून पाळावा. आणि तिच्यापुरतं म्हणाल तर, "मी गिळलं तेव्हा शनिवार होता. पोटात गेल्यावर त्याचा शुक्रवार झाला, त्याला मी काय करू?" मुलांना हे पटलं आणि पुड्या संपल्या. मी एकटाच उपाशी राहिलो. देवाच्या भीतीने राहिलो की माझ्याच विद्यार्थिनीसमोर चुकायच्या भीतीने, हे मी डायरीत तीन प्रकारे लिहिलं आणि तिन्ही खोडलं.

दादा, इथवर तुला वाटत असेल की आत्या पहिल्या प्रश्नात पास झाली. मलाही तसंच वाटत होतं. पण तिने वार सांगितला नाही, हेही तितकंच खरं आहे. तुमच्या वृद्धाश्रमात कुणी असं उलट विचारलं तर त्याचे गुण धरतात का? कळव.

धक्क्यावर उतरलो तेव्हा शुक्रवार होता आणि सगळ्यांना तो मान्य होता. यजमान गावाने मोठ्या फालेत, गावच्या सभाघरात, आमच्यासाठी अख्खं डुक्कर भाजून ठेवलं होतं आणि स्वतःपुढे मासळी मांडली होती. त्यांचा वक्ता काठी टेकून, खांद्यावर चवरी टाकून उभा राहिला आणि आपले लोक बोलतात तसं भरपूर बोलला. त्याचं सार असं की पाहुण्यांचा शुक्रवार काल होऊन गेला आणि त्यांनी तो पाळला. आमचा आज आहे, तो आम्ही पाळतो. पाहुण्याने स्वतःचा वार सोबत आणला तर यजमानाने तो दाराबाहेर काढून ठेवायला लावू नये. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग मास्तर म्हणून पाठीचा मानाचा तुकडा माझ्यापुढे आला आणि मला त्या बोलण्यातली अडचण दिसू लागली. वार जर माणसासोबत फिरतो, तर मी इथे राहिलो दहा वर्षं तरी माझा शनिवारच का? आणि तसं असेल तर मी संत्र्यावर आजवर काय शिकवलं? मी ताट हळूच पुढे सरकवलं आणि शक्य तितक्या आदराने म्हणालो की या जमिनीवर आज शुक्रवार आहे, तेव्हा मला माफ करावं.

मला म्हणायचं होतं की तुमचा शुक्रवार तोच माझा. त्यांनी ऐकलं ते असं की तुम्ही पाहुण्यांना पापात ढकलताय. वक्त्याने काठी खाली ठेवली. आपल्याकडे अपमान झालेला वक्ताच काठी खाली ठेवतो, आणि त्यानंतर काय होतं ते तुला माहीत आहे. तेवढ्यात आत्या शेजारच्या बाईकडे वाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा कुजबुजीत म्हणाली, "त्याचं मनावर घेऊ नका. लहानपणी फार हुशार होता."

त्यासरशी फालेतले चेहरे सैल झाले. वक्ता उठून माझ्याजवळ येऊन बसला, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि (दादा, तू फोनवर आत्याशी बोलतोस ना, अगदी त्याच आवाजात) म्हणाला, "बाळ, आज वार कोणता सांगशील?" मी खोटं कसं बोलणार? मी म्हटलं, जमिनीच्या बाजूने शुक्रवार, यजमानांच्या म्हणण्याप्रमाणे माझा शनिवार, आणि तांडेलाच्या मते दोर नीट बांधला गेला असेल तर शुक्रवार. तो म्हणाला, "बरं, बरं. आणि आपण कुठे आहोत?" मी म्हटलं, तेच तर. त्याने मान हलवली, आतल्या बाईला खूण केली, आणि माझ्यापुढे नारळाच्या दुधातली पपई आली, लहान मुलांना भरवतात ती, चमच्यासकट. मानाचा तुकडा परत जाणं बरं दिसलं नसतं म्हणून तो आत्याने खाल्ला.

दुसऱ्या दिवशी परत शनिवार होता. टेकडीपर्यंत किनाऱ्याच्या रस्त्याने चालायचं होतं. माता मारियेची मूर्ती पुढे पिकअपमध्ये, मागे आम्ही गात, आणि आत्या सपाता घालून छत्री उघडून मधोमध. पिकअपमध्ये बस म्हटलं तर म्हणे, "तरुणांनी चालायचं असतं. तू दमलास तर तू बस." उन्हं चढल्यावर मी मागे वळून पाहिलं तर छत्री नाही. दादा, तू म्हणाला होतास की असे लोक सरळ चालत सुटतात. मी कुणाला न सांगता मागे पळालो. घराघरांतून विचारलं, छत्रीवाली पिवळ्या शर्टातली बाई पाहिली का? एका फाट्यावर दुकानाच्या भोवती फिरलो, मागे बघून आलो, आणि मग ठरवलं की आता पुढे जाऊन मंडळींना गाठावं. पुढे कुठे, हे ठरवताना मी आपण सगळे बघतो तेच बघितलं, समुद्र कुठल्या हाताला आहे ते. तो उजव्या हाताला होता. आपियाहून गावी जाताना समुद्र जन्मभर उजव्या हाताला राहिला आहे. उजव्या हाताला समुद्र म्हणजे आपण पुढे चाललोय, हे मला शिकवावं लागलेलं नाही. तेव्हा मी अगदी निश्चिंत मनाने चालत राहिलो आणि बंदरावर आमच्या बोटीसमोर येऊन उभा राहिलो. तिथे दक्षिण किनारा आहे. तिथे पश्चिमेला, टेकडीकडे, जाणाऱ्याच्या डाव्या हाताला समुद्र असतो. हे मला नकाशावर विचारलं असतंस तर मी झोपेत सांगितलं असतं. बोटीचा आचारी तारो सोलत बसला होता. म्हणाला, "मास्तर, बोट सोमवारी सुटणार. घाई झाली का?"

बसने टेकडीवर पोचलो तर आत्या मूर्तीशेजारी बसून नीरफणस खात होती. झालं होतं एवढंच की वाटेत तिला कॉन्व्हेंटमधली एक मैत्रीण दारात दिसली, आत्या पाणी प्यायला आत गेली, आणि मग दुसऱ्याच एका पिकअपला थांबवून पुढे आली. मला बघून म्हणाली, "आलास? आम्ही तुझ्यासाठी एक जपमाळ म्हटली. दुसरी म्हणणार होतो, पण जेवण आलं." तेलेसियाने एका कागदावर माझं नाव आणि तिचा फोन नंबर लिहिला आणि माझ्या शर्टाला टाचणीने लावला. "सर, रागावू नका हं. फक्त परत जाईपर्यंत." मी रागावलो नाही. दुसऱ्या कुणाला लावला असता तर मला ते योग्यच वाटलं असतं, मग मला लावल्यावर का वाटू नये?

आता जे लिहितो ते लिहू की नको यावर दोन दिवस घालवले. पण तुला हे न सांगता बाकीचं सांगणं म्हणजे गंमत सांगून वेळ मारून नेणं होईल. रविवारी सकाळी आम्ही मिस्सेसाठी नारळाच्या झावळ्यांचे क्रूस वळत बसलो होतो. मी आत्याकडे पाठ करून झावळ्या चिरत होतो. मागून ती म्हणाली, "सेमिसी, पाणी आणलंस का?" बाबांच्या नावाने. मी वळलो. ती माझ्याकडे बघत होती आणि थोडा वेळ, फार थोडा, तिच्या चेहऱ्यावर मला ओळखल्याचं काही नव्हतं. तिसरा प्रश्न, दादा. मी विचारलाही नव्हता.

मी म्हटलं, आत्या, बाबा... ती म्हणाली, "मला माहीत आहे तो गेला. शेवटची आंघोळ मीच घातली त्याला. पण तुझी मान बघ मागून. तोच बसलाय." आणि पुन्हा क्रूस वळायला लागली. हे स्पष्टीकरण खरं होतं की सावरून घेणं होतं, मला समजलं नाही. तिथल्या न्हाणीघरात आरसा होता. मी मान बघायचा प्रयत्न केला. स्वतःची मान दिसत नाही. माझी मान बाबांसारखी आहे का? तू बसमध्ये माझ्या मागे बसून शाळेत गेला आहेस, तुला ठाऊक असेल.

परतीच्या बोटीत मी ठरवलं की आडून विचारणं पुरे. सोमवार होता (पोचेपर्यंत मंगळवार झाला, सोमवारी मी कुठे होतो असं मुख्याध्यापकांनी विचारलं आहे, काय उत्तर द्यावं सुचव). मी सरळ म्हटलं, आत्या, चुलीचं काय झालं होतं? ती म्हणाली, "विसरले. त्यात लपवायचं काय?" मग पुढे म्हणाली, "तुझा बाप होता तोवर रोज ओरडायचा, फिलो, चूल. रोज. तो ओरडायचा म्हणून मी कधी लक्षात ठेवलीच नाही. आता ओरडायला कुणी नाही आणि माझ्या लक्षात राहत नाही. एवढंच आहे ते." आणि मग, "लिनोने विचारायला सांगितलं ना हे सगळं? वार, ठिकाण? फोनवर मलाही विचारतो. मी त्याला म्हटलं, आधी माझ्या छपराचा पत्रा पाठव."

तेव्हा अहवाल असा. वार तिने सांगितला नाही, पण त्या दिवसांत तो कुणालाच सांगता आला नाही. ठिकाण तिला पूर्ण वेळ माहीत होतं, मला नव्हतं. माणूस ओळखण्यात ती एकदा चुकली, किंवा चुकली नाही. ती एकटी राहू शकते असं मी लिहिलं आणि उद्या खोपट पेटलं, तर ते माझ्या अक्षरात लिहिलेलं असेल. राहू शकत नाही असं लिहिलं, तर मी तिला अशा ठिकाणी पाठवीन जिथे सगळ्यांना वार बरोबर माहीत असतो आणि तिला पाणी आणून देणाऱ्या कुणाचीच मान ओळखीची नसते. मला हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. तू मोठा आहेस, मताई आहेस, निर्णय तुझा. आम्ही तो मान्य करू.

सिनावहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, गुडघ्याला खोबरेल तेल.

तुझा,
पासेलियो

ता. क. निर्णय तुझा असं वर लिहिलं आहे ते आदर म्हणून. तिकीट काढू नकोस. आपियातली खोली मी सोडली आहे. गावच्या घरातली मागची खोली मला राहायला मिळावी, अशी कुटुंबाचा मताई म्हणून तुला विनंती आहे. शाळेत बसने जाईन. परवानगी दिलीस असं धरून आज सकाळी पुस्तकांच्या पेट्या नेल्या. संध्याकाळी ओरडायला मी घरी असेन. काल एकदा ओरडून पाहिलं, "आत्या, चूल." ती म्हणाली, "ऐकलं. बापासारखा गळा नको काढूस." पण विझवली.

ता. क. दुसरा. कोण कोणाकडे राहायला आलं यावर इथे एकमत नाही. आत्याने फादरांना आणि तेलेसियाला सांगितलं आहे की पासेलियोला एकटं ठेवणं आता बरं नाही, म्हणून तिने त्याला आणून घेतलं. तेलेसियाने माझ्या शर्टाच्या कागदावर आत्याचाही नंबर लिहून दिला. तुझ्या कानावर आलं तर तू मध्ये पडू नकोस. त्यांचं म्हणणं अगदीच चूक आहे असं मला ठामपणे म्हणता येत नाही.

ता. क. तिसरा. आत्याने कोणाला लिहितोस विचारलं, मी सांगितलं, आणि तिने एक मजकूर घालायला लावला. मला तो घालायचा नव्हता. ती म्हणते, गेले दोन महिने तू तिला रविवारी सकाळी मिस्सेच्या वेळी फोन करतोस. दर रविवारी, दोन्हीकडे सारख्याच वेळी मिस्सा असताना. ती चर्चमधून आल्यावर फोनवर तुझं नाव बघते आणि तिला काळजी वाटते. तिने तुला कधी बोलून दाखवलं नाही, तुला वाईट वाटेल म्हणून. तिचा प्रश्न आहे तसा उतरवतो: लिनो, बाळा, तू मिस्सेला जायचं सोडलंस, की तुला वार समजेनासा झालाय? पहिलं असेल तर फादरांशी बोल. दुसरं असेल तर इकडे निघून ये, मागच्या खोलीत पासेलियो आहे, पण पुढच्या खोलीत जागा होईल.